दादाचं वजन

दि. ८ ऑक्टोबर
वर्कशॉप, दुपारची सुट्टी

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण खाली ग्रीस सांडलंय, तेव्हा उभ्याउभ्याच स्वीकार. इकडे सगळे मजेत. तूही मजेत असणार, कारण तुझा फोन ठेवला की बाबा तासभर तुझेच विनोद आम्हाला सांगत फिरतात, आणि सांगण्याआधीच स्वतः हसतात.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईलच. फोनवर तू बोलत सुटतोस आणि मला मधे तोंड घालायला जागा ठेवत नाहीस. इथे मात्र तुला मला अडवता येणार नाही. शेवटपर्यंत वाच आणि मधेच बाबांना फोन लावू नकोस.

आधी घरचं. आईचा गुडघा बरा आहे. डॉक्टरांनी जिना टाळायला सांगितलाय, म्हणून ती सकाळी एकदा खाली उतरते आणि मग वर जायचं टाळते. संध्याकाळपर्यंत वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून गिऱ्हाइकांना सल्ले देत बसते. शेजारच्या टायरवाल्या हवाकाकांनी नवा कॉम्प्रेसर घेतला. तो असा बोंबलतो की आपल्याकडे कुणाचं भांडण झालं तरी कुणाला ऐकू जात नाही. बाबांनी चष्मा बदलला, पण चाकांची मापं बघताना तो कपाळावरच असतो, त्यामुळे जुना काय आणि नवा काय.

तुझा निरोप बाबांनी सांगितला. वर्षाच्या शेवटच्या शर्यतीला तू येतोयस आणि गाडी तुझ्या सेटिंगवर तयार ठेवायची आहे. त्याच्याकडे येतेच, जरा दम धर.

या वर्षी हौशी शर्यतवाले फार वाढलेत. आठवडाभर ऑफिसात खुर्ची झिजवायची आणि सुट्टीच्या दिवशी हेल्मेट घालायचं. प्रत्येकाला चाकं वरून आत झुकवलेली हवी असतात, कारण तशी गाडी दिसते भारी. परवा एकाने इतका कॅम्बर मागितला की गाडी गुडघ्याला गुडघे लावून उभी राहिली असती. मी त्याला बसवून नीट समजावलं. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि तिच्याबरोबर बाहेरचं चाकही कलतं. म्हणून आपण ते आधीच थोडं आत झुकवून ठेवतो, म्हणजे ऐन वळणावर टायर पूर्ण रुंदीने रस्त्याला टेकतो. त्याहून जास्त झुकवलं तर टायरची आतली कड कामाला लागेल आणि ब्रेक मारताना तोंडचं पाणी पळेल. त्याने नाक मुरडलं, पण ऐकलं. या कामात मी आता कुणाला बधत नाही. बाबासुद्धा माझे आकडे पुन्हा तपासत नाहीत, नुसतं तपासल्यासारखं करतात.

हं, आता डबीबद्दल.

बाबा तुला दर फोनवर सांगतात की गाडी, आपली लाल डबी, स्टँडवर चढवून ठेवली आहे आणि तुझी वाट बघतेय. तसं नाहीये. उन्हाळ्यापासून ती मी चालवतेय. दोन महिन्यांत येतो म्हणून तू नोकरीवर गेलास त्याला वर्ष होऊन गेलं, तेव्हा एक दिवस मी तुझं हेल्मेट बाजूला ठेवलं, माझं विकत आणलं आणि शर्यतीत नाव घातलं. बाबांनी तुला कळवलं नाही. ऐकलंस तर तू यायचाच नाहीस, असं त्यांना वाटतं. आई मूग गिळून बसली. मीही गप्प राहिले, पण माझं कारण वेगळं होतं. मी हरत होते.

उजव्या वळणावर डबी शहाण्यासारखी वागायची आणि डावं वळण आलं की बाहेर पळायची. दर शर्यतीत, दर डाव्या वळणावर. मी दोऱ्या लावून चाकांची दिशा पुन्हा मोजली, कॅम्बर पुन्हा लावला, आकडे कसे आखल्यासारखे. आणि तरी पुढच्या उजव्या टायरची बाहेरची कड उंदरांनी कुरतडावी तशी खाल्लेली. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे ते सापडेना. हवाकाकांनी निदान केलं की पोरीच्या मनगटात जोर नाही. ते मी कानाआड केलं असतं. पण बाबा एका गिऱ्हाइकाला सांगत होते, की दादाच्या हातात ही अशी पळत नव्हती. मी गाडीखाली होते, हे त्यांना माहीत नव्हतं. त्या दिवशी मला फार लागलं, दादा. वाटलं, सेटिंग करणं माझं काम, चालवणं तुझं, उगाच मधे पडले. हेल्मेट कुणाला तरी देऊन टाकायचंही मी ठरवून ठेवलं होतं.

आता तुला पोत्यांची आठवण करून देते. शनिवारी सकाळी सेटिंगच्या वेळी तू अंथरुणातून हलायचा नाहीस, म्हणून बाबांनी तुझ्या वजनाची वाळूची पोती शिवली. ड्रायव्हरच्या वजनाने त्याच्या बाजूची स्प्रिंग दबते आणि चाकांचा कल बदलतो, म्हणून सीटवर तेवढं वजन ठेवूनच मोजायचं. “दादाला बसव,” असं बाबा म्हणायचे आणि मी पोती उचलून आणायचे. तू गेलास, तरी ते म्हणणं तसंच राहिलं. रोजच्या बोलण्यातलं झालं की शब्दाकडे कोण बघतो?

गेल्या महिन्यात एक दाताच्या डॉक्टरीणबाई त्यांची छोटी गाडी घेऊन आल्या. गिऱ्हाइकाच्या गाडीत आपण नेहमी गिऱ्हाइकालाच बसवतो, तशा त्याही हेल्मेट घालून बसल्या होत्या. बसून बसून कंटाळल्या, म्हणून इकडेतिकडे बघायला लागल्या. पलीकडे डबी सेटिंगला घेतलेली होती. त्यांनी विचारलं, त्या सीटवर काय ठेवलंय? मी म्हटलं, दादा आहे. मग पोत्यांची गोष्ट सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, म्हणजे ती गाडी तुमचे दादा चालवतात. मी म्हटलं, नाही, मी चालवते.

“मग तुम्ही का बसत नाही तिच्यात?”

कुठला दात दुखतो, इतक्या सहज विचारलं त्यांनी. माझ्या हातात कॅम्बर मोजायचं यंत्र होतं आणि मला त्यावरचा आकडा दिसेना. आधी हसू आलं, मग असा संताप आला की यंत्र खाली ठेवून मी बाहेर जाऊन उभी राहिले. अख्खा हंगाम आम्ही तुला बसवत होतो, गाडी तुझ्या मापाची करत होतो, तुला उतरवत होतो आणि मग मी चढत होते. तुझ्या वजनात मी दीड वेळा बसते. मी बसले की उजवी बाजू वर उचलली जायची, उजव्या चाकांचा कल कमी व्हायचा, आणि डाव्या वळणावर सगळा भार नेमका त्याच चाकांवर यायचा. जगाला अक्कल शिकवणारे आम्ही दोघं बापलेक, आणि आम्हाला हे दिसलं नाही. तुझी इतकी सवय होती आम्हाला.

डॉक्टरीणबाई गेल्यावर मी बाबांना म्हटलं, “बाबा, दादाला उठवा.”

ते डबीपाशी गेले आणि वरच्या पोत्यावर हात ठेवून उभे राहिले. चष्मा कपाळावरच होता. म्हणाले, “येणार आहे ना तो.”

“येईल. गाडी आज मी चालवतेय.”

त्यांनी एकेक पोतं स्वतः उचलून भिंतीशी नेऊन ठेवलं, मला हात लावू दिला नाही. मग मी आत बसले. सीटवर बसलेल्याला मोजता येत नाही, म्हणून खूप दिवसांनी बाबा स्वतः जमिनीवर उकिडवे बसले. त्यांनी सगळं पहिल्यापासून मोजलं, आणि या वेळी खरोखर तपासलं. पोती शिवायच्या आधी तुला सांगायचे तसंच मला सांगितलं, हात स्टिअरिंगवर ठेव, श्वास सोड, हलू नकोस. मी हलले नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात उचलला नाही, कारण मग आकडा बदलला असता.

त्यानंतरच्या शर्यतीत डबी डाव्या वळणावर बाहेर पळाली नाही. मी तिसरी आले. टायर उतरवून बघितला तर आतली कड, मधला भाग, बाहेरची कड, सगळं सारखं झिजलेलं. हवाकाका टायरवर हात फिरवत म्हणाले, मनगट सुधारलं वाटतं. मी म्हटलं, हो, दादाचं वजन उतरवलं.

तर आता तुझा निरोप. गाडी तुझ्या सेटिंगवर नाही आणि मी ती तशी करणार नाही. शेवटची शर्यत माझी आहे. नाव दिलंय. तुला राग येईल हे मला माहीत आहे, लहानपणापासून तुझा राग मी बघितलाय, तो जेवणापर्यंत टिकतो. यात मी तुझं काही हिसकावलंय असं मला वाटत नाही, म्हणून माफी मागत नाही. पण ही गोष्ट तुला शर्यतीच्या दिवशी मैदानावर, लोकांच्या तोंडून कळावी, हे मला सहन झालं नसतं. पुढच्या वर्षी तुला चालवायचं असेल तर खुशाल चालव, आपण नवी गाडी शोधू किंवा भांडू. फक्त सेटिंगच्या दिवशी तू स्वतः येऊन बसायचं. पोत्यांवर मी आता काम करत नाही.

पोती फाडलेली नाहीत, काळजी करू नकोस. एक मागच्या दाराला लावलंय, वाऱ्याने दार आपटायचं म्हणून. आई जाता-येता त्याला म्हणते, दादा, सरक जरा.

येच तू. शर्यत संपली की तुला डाव्या सीटवर बसवून मी एक फेरी मारणार आहे. त्या एका फेरीसाठी आदल्या दिवशी सेटिंग नव्याने करायचं, दोघांचं वजन धरून, असं मी बाबांना सांगितलं. ते लगेच उठले आणि म्हणाले, डाव्या सीटवर ठेवायला पोती आणून ठेवतो.

मी म्हटलं, नको. तो येईल.

उजव्या सीटवरून,
तुझी टिंगू