प्लॉट नंबर सतरामधली साधी सुट्टी

रविवार, १४ जुलै
यंदा साधी सुट्टी करायची. विमान नाही, हॉटेल नाही. मी, मुलगी योरिंडे (वय दहा), मुलगा टिल (वय सहा) आणि बागमंडळाने बागकामासाठी भाड्याने दिलेला आमचा जमिनीचा तुकडा, प्लॉट नंबर सतरा. घरापासून सायकलने बारा मिनिटं.
माझ्या बायकोला, विब्केला, हॉस्पिटलची ड्यूटी आहे. तिची बहीण गेझिने मुलांना समुद्रावर बोलावते आहे. दर वर्षी बोलावते. गेल्या वर्षी मुलं परत आली ती 'गेझिनेमावशी अशी, गेझिनेमावशी तशी' करतच. नाताळपर्यंत चाललं. मला लागलं ते.
शेवटी तह झाला. आठवडाभर मुलं माझ्याकडे, शनिवारी त्यांनीच ठरवायचं: समुद्र की बाबा. जिंकणार.
साधेपणाचं वेळापत्रक तयार. फक्त चार पानं. लॅमिनेट केलं.

सोमवार, १५ जुलै
९.०० आगमन. ९.१५ घेवड्याला पाणी. ९.४० ते १०.०५ मनसोक्त खेळ. टिलने विचारलं, मनसोक्त म्हणजे काय काय चालेल? म्हटलं, यादी पान तीनवर आहे. त्याला वाचायला वेळ लागतो. तेवढ्यात १०.०५ झाले.
फुगवायचा हौद आणला. मंडळाच्या नियमाप्रमाणे रुंदी जास्तीत जास्त एक मीटर. नियम मीच लिहिलाय, सेक्रेटरी आहे. दोघं एकदम मावत नाहीत, म्हणून आळीपाळीने दहा-दहा मिनिटं. योरिंडे म्हणाली, बाबा, हा हौद आहे की सूपची वाटी? विनोदबुद्धी माझ्यावर गेली आहे.
एक ते तीन मंडळाची शांततेची वेळ. गवत कापायचं यंत्र, हातोडा, रेडिओ, मोठ्याने बोलणं, सगळं बंद. मुलं बागेतल्या लाकडी खोलीत झोपली, मी बाहेर आरामखुर्चीत. चूं की चां नाही. मुलांना वळण लावणं इतकं सोपं असतं, लोक उगाच रडतात.

मंगळवार, १६ जुलै
मुलं स्वतःहून पावणेएकलाच खोलीत गेली. गेझिनेकडे होईल का असं? तीनला उठली तेव्हा दोघांचे केस ओलेचिंब. घाम. खोली तापते. खिडकी मात्र त्यांनी आपणहून उघडली होती. शहाणी आहेत.
शेजारच्या अठरा नंबरच्या शिमानेकबाईंना तिसरी नोटीस. निवृत्त ट्राम-ड्रायव्हर, वय चौऱ्याहत्तर. नियमाप्रमाणे एकतृतीयांश जमिनीत भाजी हवी, यांच्याकडे दोन मुळे. वर न्हाणीघरातला जुना लोखंडी टब बागेच्या मधोमध मांडलाय. नोटीस हातात दिली तर म्हणाल्या, द्या द्या सेक्रेटरीसाहेब, मागच्या दोन काय छान पेटल्या! शेगडीला बरं पडतं.
अशा बाईंच्या सावलीलाही मुलांना उभं करणार नाही.

बुधवार, १७ जुलै
पाऊस. वेळापत्रकात पाऊस नव्हता. ९.१५ ला छत्री धरून घेवड्याला पाणी घातलं. योरिंडे म्हणाली, बाबा, पाऊस पडतोय. म्हटलं, पाऊस काय रोज येणार आहे? सवय महत्त्वाची.
पाणी घालताना शिंका. आता पाठही धरली. सुट्टीत असं होतंच.

गुरुवार, १८ जुलै
डब्यात काळा पाव आणि काकडी. दोघंही खात नाहीत, तरी वजन वाढल्यासारखं वाटतंय. मोकळी हवा. तीन वाजता टिलच्या गालावर मोहरीच्या चटणीचा डाग. आपण आणली नव्हती. जुना डाग असावा. विब्केला म्हटलं, जरा घासून धूत जा गं याला. ती टिलकडे बघून हसत सुटली. ड्यूटीचा ताण.
कुंपणाच्या झुडपात, अठरा नंबरच्या बाजूला, बुडाशी भोक सापडलं. रुंदी चाळीस सेंटिमीटर. सशाचं काम. खात्यापित्या घरचा ससा असणार. मुलांना समजावून सांगितलं, दोघांनी गंभीरपणे मान डोलावली. मंडळाला पत्र लिहिलं.

शनिवार, २० जुलै
निकाल! सगळे स्वयंपाकघरात, गेझिने फोनवर. मुलं म्हणाली, मावशी, आम्ही नाही येत. आम्हाला बागेतच राहायचंय, अख्खी सुट्टी.
बाहेर जाऊन सायकलला गरज नसताना हवा भरली. योरिंडे मागोमाग आली, म्हणाली, बाबा, तुला एक सांगायचंय. म्हटलं, आभार नकोत गं. बाप आहे मी.

सोमवार, २२ जुलै
दुपारी १.१५ ला मुलांना बक्षीस म्हणून आइस्क्रीम घेऊन खोलीत गेलो. पांघरुणाखाली दोन उशा. खिडकी उघडी.
कुंपणापलीकडून टिलचं हसणं ऐकू आलं. आठवडाभरात माझ्या बागेत तो असा एकदाही हसला नव्हता. भोकातून पाहिलं. दोघं त्या टबात, शिमानेकबाई नळीने पाणी उडवताहेत, शेगडीवर सॉसेज.
म्हणजे समुद्राला हरवलं ते न्हाणीच्या टबाने. मी नव्हेच. फार वाईट वाटलं.
सेक्रेटरीने अठरा नंबरच्या फाटकातून जाणं बरं दिसत नाही, म्हणून भोकातून घुसलो. खांदे गेले. पोट अडकलं. मागेही येईना. वेळ १.२०, त्यामुळे ओरडताही येईना.
टिल ओरडला, आजी, ससा सापडला!
शिमानेकबाई उकिडव्या बसल्या. म्हणाल्या, काय सेक्रेटरीसाहेब, चौथी नोटीस का? थांबा, करवतीने फांदी कापते. मी हलक्या आवाजात म्हटलं, करवत तीननंतर. त्या म्हणाल्या, धन्य आहे बाबा तुझी.
मग काय करणार. योरिंडेने माझ्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. टिलने सॉसेज भरवलं, मोहरी लावून. नाकालाही लागली. मग समोर मांडी ठोकून त्याने वर्गातल्या टेल्सेची गोष्ट सुरू केली, ती दप्तरातून गोगलगायी आणते. प्रत्येक गोगलगायीला नाव आहे. मला काहीच माहीत नव्हतं.
योरिंडेने विचारलं, बाबा, आमचा राग आला? म्हटलं, नाही गं, रडू आलं. खरं तेच सांगितलं. ती माझ्याशेजारी गवतात पालथी पडली.
तीनच्या ठोक्याला बाई करवत घेऊन हजर. टिल म्हणाला, आजी, नको ना, अजून अकरा गोगलगायी राहिल्यात. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
म्हटलं, होऊ दे त्याचं.