मागच्या खोलीचं अर्थिंग

३ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला घसा फोडायचा कंटाळा, म्हणून पत्रच बरं. ऑफिसनं मला आता कायमचं घरून काम करायला सांगितलंय. मागच्या खोलीतल्या ट्रंका हलवून तिथं टेबल मांडलं. संगणक, दोन पडदे, प्रिंटर आणि पायाशी हीटर, सगळं तू बसवलेल्या त्या एकुलत्या सॉकेटवर. बिचारा घरातल्या कर्त्या पुरुषासारखा सगळ्यांना पोसतोय.

फक्त संगणकाच्या पत्र्याच्या खोक्याला हात लागला की मुंग्या येतात. आमचे हे म्हणतात, करंट बायकोतच आहे. कोपऱ्यावरचा वायरमन सॉकेट उघडून बघणार होता, पण आईनं त्याला दारातूनच परतवलं. माझ्या लेकानं विसाव्या वर्षी अख्ख्या घराचं वायरिंग केलंय, त्याला परक्याचा हात लागायचा नाही, असं तिनं सुनावलं. आता तूच काय ते कळव.

या पोरीवर जीव असू दे.
तुझी ठमी

९ जानेवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

मुंग्यांची चेष्टा करू नकोस. आधी हीटर काढ, तो एकटा बाकी सगळ्यांच्या दुप्पट वीज ओढतो. त्या खोलीला मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर, तिचा स्वतंत्र ब्रेकर आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवून घे. अंगणात खड्डा खणून, त्यात तांब्याची पट्टी पुरून नवं अर्थिंग करून घे. त्याच वायरमनला बोलाव. जुना सॉकेट उघडून बघत बसू नका, सरळ बंद करून टाका. आईला सांग, तीस वर्षांत माणूस झिजतो, तिथं वायरचं काय.

जावईबापूंना म्हणावं, करंट असलेली बायको जपून वापरावी.
दादाचे आशीर्वाद आहेतच.

२० जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऐकून आई दोन दिवस रुसली. अर्थिंगचा खड्डा अंगणात आहे की, मोगऱ्याच्या बुडाशी, म्हणते. अर्थिंग तपासायला जोडलेला तुझा टेस्ट-दिवा लागला तेव्हा बाबांनी तुझी पाठ कशी थोपटली, हे तिनं यांना पुन्हा ऐकवलं. हीटर मात्र मी काढून ठेवलाय.

सोबत ऑफिसचा फॉर्म आहे. घरातलं अर्थिंग योग्य आहे, असं परवाना असलेल्या वायरमननं लिहून द्यायचंय, नाहीतर माझं काम जाईल. परवाना तुझ्याकडे आहेच, घरात वैद्य असताना मी दारोदार कशाला हिंडू? पण खरंच काही गडबड असेल तर सही करू नकोस, तसं कळव. आई रुसली तरी मी सगळं उकरून घेईन.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
ठमी

२७ जानेवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

सही करून पाठवलीय. तुझं काम अडायला नको. पुढच्या महिन्यात मी येतो आणि माझ्या हातानं सगळं बदलतो. तोवर आईला उगाच काही बोलू नकोस.

दादा

१६ फेब्रुवारी

दादा, नमस्कार.

तुझी सही आली म्हणून मी हीटर पुन्हा लावला. पाय गारठत होते.

सोमवारी सकाळी सगळं एकदम बंद पडलं. वीज गेली का, हे विचारायला मी शेजारी गेले. वीज नाहीच तर खोकं पुसून घ्यावं, म्हणून आईनं ओलं फडकं घेतलं. मी परतले तेव्हा ती खाली पडली होती. ती वाचली, पण उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

मग त्या वायरमननं सॉकेट उघडला. अर्थिंगची वायर कुठंच जात नव्हती. अर्थच्या पिनेतून तारेचा बोटभर तुकडा वीज परत नेणाऱ्या न्यूट्रलला जोडला होता. हीटरच्या भारानं मेन बोर्डातला न्यूट्रलचा जोड जळून तुटला आणि सगळी वीज त्या तुकड्यातून खोक्यात उतरली. मोगऱ्याच्या बुडाशी मुळं आणि माती, बाकी काही नाही. जोड सफाईदार आहे, म्हणाला, करणाऱ्याला आपण काय करतोय ते ठाऊक होतं.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस. तिला कागद धरता येत नाही, मी वाचून दाखवीन.

ठमी

२४ फेब्रुवारी

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या हाताचं ऐकून अन्न गोड लागत नाही. उंदरांनी वायर कुरतडली असणार. नाहीतर त्या वायरमननंच काहीतरी उचकटलं असेल. मी केलं तेव्हा सगळं ठीक होतं. काळजी घे.

तुझा लेक

ठमे, हा दुसरा कागद तुझ्यापुरता. दुसऱ्या दिवशी मला पहिल्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. जमीन कडक होती आणि बाबा कामावर गेले होते. मी वरची माती उकरून सारखी केली. त्या तुकड्यावरही टेस्ट-दिवा लागतोच. पाठ थोपटल्यावर सांगायचं राहिलं, ते राहिलंच. आईला पहिलाच कागद वाचून दाखव. तिच्यासाठी.

२ मार्च

दादा,

मी आईला दोन्ही कागद वाचून दाखवले. तिनं मान भिंतीकडे वळवली. मग पहिला कागद पुन्हा वाचायला सांगितला. मी वाचला नाही. ती माझ्याशी बोलत नाही.

तुझी सही खोटी होती, असं मी ऑफिसला कळवलंय. तुझ्या परवान्याचं काय व्हायचं ते होईल. माझ्या कामाचंही.

अंगणात खड्डा खणून झाला. त्या वायरमनला एक सकाळ लागली.

ठमी