जिल्हा नदीपलीकडे गेला

सोमवार, ११ मार्च

ती. सौ. ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

मी धडधाकट आहे. खोकला गेला. तू शिवून पाठवलेली बंडी अंगात आहे, काखेत जरा काचते एवढंच.

मोठी बातमी म्हणजे आमचा जिल्हा मोडला. चार पावसाळेही धड काढले नाहीत त्याने. आज कचेरीतली टेबलं बैलगाड्यांवर चढली आणि पाटी साहेबाने स्वतःच्या हाताने उतरवली.

कारण ऐकशील तर हसशील. इथली माणसं जंगलाचा तुकडा साफ करून पेरतात, दोन-तीन पिकं घेतात, मग जमिनीला विसावा म्हणून झोपड्यांसकट दुसरीकडे जातात. बापजाद्यांपासून असंच चालत आलंय, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. भावोजींनी साखळी टाकून मोजणी केली, गावं नकाशावर चढली, नदी ही हद्द ठरली. यंदा शेतसारा वसूल करायला शिपाई गेले तर चुली थंड. साहेबाच्या हातावर तुरी देऊन अख्खा जिल्हा नदीपलीकडे! साहेब माझ्यावरच खेकसला, जसा काही मीच गावं खिशात घालून पळालो.

तू विचारतेस, कचेरी उठली म्हणजे आता ‘हे’ घरी येतील ना.

भावोजी मोजणीसाठी त्या गावांतच मुक्काम करायचे, हे तुला ठाऊक आहे. झोपड्या हलल्या तेव्हा तेही नदी ओलांडून गेले. परवा मी जाऊन भेटलो. तिथे त्यांचा संसार आहे. बाई आहे, रांगणारी मुलगी आहे. तब्येत सुधारलीय. मला बसायला दिलं, पाणी दिलं. तुझा विषय मीच काढला. तर म्हणाले, "तिला कळव, तापाने गेलो म्हणून. सगळ्यांनाच सोपं जाईल."

तसं लिहायला मी बसलोही होतो. इथे तापाने माणसं जातात, कुणी शंका घेतली नसती. पण ताई, मेलेल्या माणसासाठी तू जन्मभर झुरत बसशील. जिवंत माणसावर निदान रागावता तरी येतं. मला तर त्यांचा फार राग आलाय.

ते येणार नाहीत. तुझ्या सासूबाईंना तू काही सांगू नकोस, मी समोर बसून सांगेन. सामान बांधून ठेव.

तुला न्यायला निघालेला,
तुझा धाकटा