देवमनचे खांदे

१५ एप्रिल १९४८, गुरुवार
देवमनची निवड झाली. विलायतेले, ऑलिंपिकच्या कुस्तीसाठी. जऊळक्याचा टेशनमास्तर सोता तार घेऊन आला. देवमन म्हनजे माह्या धाकट्या दिराचा नातू, आमच्याच आंगनात रांगलेला. गावानं हलगी लावली. माहा म्हतारा हलगीपुढं नाचला अन् आता कंबर धरून खाटेवर पडला हाये. नाच म्हना आनखी.

देवमनच्या कुस्त्या म्या सात वर्षं पायल्या. पन कशा? आखाड्यापाशी बाईनं उभं नाई राहायचं, मारोतीले चालत नाई म्हनतेत. म्हनून बैलाच्या दमनीत बसून, पडद्याच्या भोकातून, एका डोळ्यानं. रिसोडच्या दंगलीत त्यानं पंजाबकडच्या पैलवानाले पाडलं तवा दुसऱ्या बायाइनं भोकासाठी मले कोपरं मारले. म्या हटली नाई.

२० एप्रिल, मंगळवार
देवमन घरी आला. पाया पडला, मंग तोंड पाडून बसला.
“तिथं माती नसते आजी. गादी असते.”
“लढाले चालला का झोपाले?”
हासला नाई. म्हने मातीत गड्याले चित करून दाबून धरा लागते, तवा कुस्ती होते. गादीवर दोनी खांदे नुसते टेकले का संपलं. पापनी लवाच्या आत. अन् हे आपल्या डावालेबी लागू.

तिथंच घोडं अडलं. देवमनचा हुकमी डाव ढाक. गड्याले काखेत आवळते, सोता पाठीवर लोळते, त्याले वरून फेकते अन् उलटून त्याच्या छातीवर येते. मातीत वा वा. गादीवर लोळतानी याचेच खांदे आधी टेकनार. म्हनजे आपला डाव मारून आपनच चित.

“मंग नको मारू ढाक.”
“आजी, म्या मारत नाई वं. हातच मारते.”

२५ एप्रिल, रविवार
गादी पायजे सरावाले. अख्ख्या तालुक्यात नाई. म्या म्हनलं मी शिवते. रुई घरची, कारंज्याच्या जिनातून पिंजून आनली. खाली बारदाना, वर जुने धोतरं. गोठ्यातले बैल बाहीर बांधले, तिथंच पसरून शिवाले बसली. सून सुभद्रा एका कोपऱ्यात, मी एका. ती टाके लांब घालते. दोनदा उसवले. मनातून शिव्या देत असंल, देऊ दे.

२ मे, रविवार
गादी झाली. वीस हात लांब, वीस हात रुंद. आता आखाड्यात न्याची. आठ मानसं लागले उचलाले, अन् गोठ्याच्या दारातून ते काई निघंना. आडवी नाई, उभी नाई. दार चार हाताचं, गादी जाड. घडी पडत नाई एवढे जवळ टाके घातले. म्हतारा खाटेवरून म्हने, “दाराचं माप कोन घ्याचं होतं?” सगळे माह्याकडं पाहाले लागले.

म्हनजे आता सराव गोठ्यात. म्हनजे माह्या घरात. म्हनजे म्या पाहनार, दोनी डोळ्यानं.

करीम वस्ताद, देवमनचे गुरू, दारात उभे राह्यले अन् म्हने, “बुढी, तुमने जान-बूझ के किया.”
नाई केलं. (थोडसं केलं.)

३ मे, सोमवार
वस्ताद आत यायले तयार नाई. बाई पाहत असंल तं कुस्ती होत नाई, त्याइच्या वस्तादानं सांगतलं, त्याच्या वस्तादानं त्याले. गोठ्याच्या भिंतीबाहीर तोंड फिरवून बसले अन् आवाजावरून शिकवू लागले. “पाव मारा? नहीं मारा!” बराबर वळखते मानूस. बैल त्याइच्या खांद्यावर मान घासत होता.

पहिल्या दिवशी गादी लय मऊ. पाय घोट्यालोक रुतले. जोडीदार किसनाचा पाय मुरगळला. हळद लावली. उद्या गादी आनखी शिवा लागते, अन् बारदान्याचा अजून एक थर.

१३ मे, गुरुवार
अखजीचा सन झाला. आमरस केला, पन देवमनले एकच वाटी. वजनाचा काटा पाहतेत म्हने तिकडं, वर गेला तं लढू देत नाई. जन्मात पहिल्यांदा म्या कोनाच्या ताटातून पोळी काढली. त्यानं पायलं माह्याकडं. म्या नाई पायलं त्याच्याकडं.

गादी आता पक्की. मी दारापाशी पाटावर बसते, हातात काठी. देवमनचे दोनी खांदे टेकले का काठी आपटून वरडते, “टेकले!” वहीत लिहिते. आज टे. १४.

१६ मे, रविवार
टे. ११. त्यातले नऊ ढाकेनं. हात खरंच ऐकत नाई त्याचा.

वस्ताद भिंतीआडून म्हने, “बुढी झूठ बोलती है, इतना नहीं टेका.”
म्या म्हनलं, “मंग आत येऊन पाहा ना.”
नाई आले.

म्हताऱ्यानं आज शाळामास्तरले बसवून जुनं सांगाले लावलं. बारा वर्षांमांगं जर्मनीत आपल्या पोट्ट्याइनं हाकीत जर्मनाइले कसं लोळवलं ते. मास्तर तवा पेपर वाचून दाखवत होते चावडीवर, मी पान्याचा हंडा डोक्यावर घेऊन उभी राह्यली होती पूर्ण होईलोक. मान आखडली होती. मले ते हाकीवाले तवापासून आवडतेत. पाह्यला एकबी नाई.

१९ मे, बुधवार
भांडन. वस्ताद बाहीरून वरडले, ढाक सोडू नको, ढाकच तुझी वळख, बाकी काय हाये तुझ्यापाशी? म्या आतून वरडली, ढाक मारली तं पहिल्याच कुस्तीत घरी. पोट्टं मधात उभं, घाम गळून राह्यला.

वस्तादाचं मले समजते. हे ढाक त्याइनं बारा वर्षं घासली याच्यावर. पन समजलं म्हनून टेकलेलं नाई टेकलं असं कसं म्हनू?

टे. १०. एकानंच उतरलं.

२३ मे, रविवार
वस्ताद आत आले.

सांगतल्यावर नाई. आपल्या मनानं. डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधला, माह्याकडं न पाहता गादीच्या काठावर बसले. देवमननं ढाक मारली. मी काठी उचलली, पन त्याआधी वस्तादच म्हनले, “टेका.” हळूच.

मंग उठले. चप्पल काढून गादीवर गेले. साठीचा मानूस. देवमनले काखेत धरलं अन् दाखवलं, लोळायचं नाई, गुडघ्यावर थांबायचं, कंबर फिरवायची. अर्धी ढाक. असं पंचवीस वेळा. मी चा ठेवला. त्याइनं माह्या हातचा चा पहिल्यांदा घेतला. साखर कमी म्हने.

३० मे, रविवार
टे. ४.

किसना म्हने, आजी, माहे किती टेकले ते कोन लिहिनार? म्या म्हनलं, तुहे लिहाले वही पुरत नाई.

५ जून, शनिवार
टे. १. संध्याकाळी शेवटच्या झटापटीत. देवमन दमला होता, किसना अंगावर आला अन् हात गेला जुन्या रस्त्यानं. पूर्ण लोळला. लय देखनी ढाक होती. खरं लिहिते. किसना तं हवेत पाय झाडत गेला.

देवमन उठून माह्याकडं पाहाले लागला. म्या काठी आपटली. “टेकले.”
“दमल्यावर होते वं आजी.”
“तिकडं तं दमशीलच.”


११ जून, शुक्रवार
गेला. जऊळक्याहून गाडी, अकोल्याहून मुंबई, मंग बोट. टेशनावर सारं गाव. त्याची आई रडली, सुभद्रा रडली, म्हताराबी रडला. म्या त्याले एकच सांगतलं, दमला का मले आठव अन् गुडघ्यावर थांब.

वस्ताद लांब उभे होते फलाटाच्या टोकाले. देवमन धावत गेला त्याइच्याकडं. काय बोलले ते आयकू आलं नाई. मी इचारलं मंग वस्तादाले, “काय सांगतलं?” म्हने, “कुछ नहीं.” खोटं.

२९ जुलै, गुरुवार
आजपासून सुरू असंल तिकडं. कोनता दिस त्याचा, माहीत नाई. पऱ्हाटी निंदाले बाया आल्या, त्याइच्यासंगं मीबी वावरात. दोन ओळी काडल्या. एका ओळीत पऱ्हाटीच उपटली गवत समजून. सुभद्रानं पायलं, बोलली नाई. शहानी झाली.

८ ऑगस्ट, रविवार
पेपर आला. मास्तरनं दोनदा वाचला. पयली कुस्ती जिंकला. दुसरी जिंकला. तिसरीत चित. बस, एवढंच. एक ओळ.

गाव खूश. विलायतेत दोन कुस्त्या मारल्या, काय चेष्टा हाये? हलगी निघाली. म्हतारा उठू पाहत होता, म्या खाटेवर दाबून बसवला.

मास्तरले इचारलं, “चित कसा झाला?”
“ते नाई लिहिलं.”
“ढाकेनं झाला का त्यानं पाडलं?”
“आजीबाई, पेपरात एवढं नाई येत.”
मंग कायले काढतेत पेपर?

१६ ऑगस्ट, सोमवार
हाकीत जिंकलो. विलायतेत, साहेबाइलेच त्याइच्या घरी. कारंज्याच्या एका शेठच्या रेडिओवर सांगतलं म्हने, तिथं पेढे वाटले. आमच्याइथं गूळ. एक खडा मी जास्त घेतला. त्या पोट्ट्याइनंबी मले बारा वर्षांत निराश नाई केलं.

संध्याकाळी वस्ताद आले. दारात नाई थांबले आता, सरळ आत. देवमनचं पत्र आलं का इचारलं. नाई आलं. बोटीवर असंल. बसले. चा घेतला, या खेपेस साखर बराबर टाकली होती म्या.

मंग म्हने, “बुढी, क्या लगता है? मारी होगी ढाक?”
म्या म्हनलं, “नाई मारली. गुडघ्यावर थांबला. समोरचा भारी होता, पाडलं त्यानं. बस.”
“मुझे लगता है मारी होगी.”
“अन् सोताच चित झाला?”
“हां.” मंग खाली पाहून, “पर पूरी मारी होगी. हजारों लोगोंने देखी होगी.”

म्या म्हनलं, तुमी येडे हा वस्ताद. याच्यासाठी म्या महिनाभर काठी आपटली का? त्याइले हासू आलं. मलेबी आलं, पन दाखवलं नाई.

ते गेल्यावर दिवा लावला अन् हे लिहाले बसली. देवमन आला का पयलं हेच इचारीन. अन् तो मारली म्हनला तं चांगली झोडपीन.

मंग म्हनीन, कशी मारली ते सांग. पहिल्यापासून सांग. पाय कुठं होता, हात कुठं होता, सारं सांग.