रुमालाखाली एकच हात

जालना, शुक्रवार

प्रिय कहकशा,

जे झालं ते आधी क्रमानं लिहिते. माझं मत नंतर.

१. शनिवारी सकाळी अमेरिकेतल्या क्लबच्या तिसऱ्या सराव सामन्याचं चित्रण आलं. मी खेळाडूंना द्यायचे माझे गुण दुपारपर्यंत भरले आणि पोळ्याच्या करीला वाटूरला गेले.
२. रविवारी तू तुझे गुण भरलेस.
३. बुधवारी क्लबनं नव्वदातले त्रेपन्न खेळाडू ठेवले. आपल्या सदुसष्ट नंबरच्या मामूचं नाव यादीत नाही.
४. गुरुवारी हरिओम सरांनी मला बोलावलं. मामूच्या त्या सामन्यातल्या सगळ्या डावांना तुझे आणि माझे गुण तंतोतंत सारखे आहेत. सरांचं म्हणणं, एकीनं दुसरीचं पाहून लिहिलं.
५. सोमवारी सर आपल्या दोघींपैकी एकीला कामावर ठेवणार आणि एकीला काढणार.
६. तू गुरुवारी दुपारीच रजा टाकून भोकरदनला निघून गेलीस. मला न भेटता.

फोन केला की तू ‘सब खैरियत है’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून हे कागदावर लिहिते आहे. पाकीट भोकरदनच्या बसच्या वाहकाकडे देईन, इजहार स्टँडवर येऊन घेईल. त्याला उघडून पाहायची सवय आहे हे मला माहीत आहे, म्हणून पाकीट चिकटवून जोडावर सही केली आहे. सही फाटलेली असली तर तुझ्या भावाला विचार.

मी वाटूरला जाताना लॅपटॉप आपल्या दोघींच्या खोलीवरच ठेवला होता, कारण तो गावाबाहेर न्यायचा नाही असा नियम आहे. त्याचा परवलीचा शब्द मला सोडून फक्त तुला माहीत आहे. जूनमध्ये मी तापानं पडले होते तेव्हा तूच माझी हजेरी टाकलीस. म्हणजे कुणी पाहिलं, हा प्रश्नच नाही. मला छळतो आहे तो दुसरा प्रश्न. का पाहिलंस?

आपल्याला कामावर घेतलं तो दिवस आठवतो? सरांनी विचारलं होतं, अमेरिकन फुटबॉल कुणाला कळतो? एकही हात वर झाला नाही. ते म्हणाले, “झकास. मला असेच कोरे डोळे पाहिजेत.” मग आठवडाभर ते फळ्यावर गोल आणि फुल्या काढून समजावत राहिले. पुढे ओळीत पाच आडदांड माणसं, त्यांच्यामागे चेंडू फेकणारा, आणि समोरचे त्याला पाडायला धावणारे. मी वही भरून टिपणं काढली. तू मागच्या बाकावरून म्हणालीस, “सर, म्हंजे हे पाच करवले अन् मागं नवरदेव. नवरदेवाला हात लागला की लग्न मोडलं.” सर अजूनही नव्या मुलींना तसंच शिकवतात आणि तुझं नाव घेत नाहीत. मला त्याचा राग येतो. तुला कधी आला नाही.

करवल्यांमध्ये डावीकडून दुसरा तो मामू. सदुसष्ट नंबर, वय तेहेतीस, प्रत्येक डावाआधी विजार वर ओढणारा. नाव तू ठेवलंस. त्याच्या जागेवर डोळा ठेवून बसलेला बावीस वर्षांचा पोरगा होता, त्याला आपण नुसतं ‘नवा’ म्हणायचो. अख्खा ऑगस्ट आपण त्या एका जागेवरून भांडलो. माझं म्हणणं साधं होतं. क्लबच्या एकूण पगाराला मर्यादा असते. एका जागी जास्त दिलं तर दुसऱ्या जागी कमी पडतं. मामूचं पहिलं पाऊल उशिरा पडतं, नवा त्याच्या निम्म्या पगारात येतो आणि अजून वाढणार आहे. मामूला काढा, नव्याला ठेवा. तू डबा खाताना घास हातात धरून माझ्याशी वाद घालायचीस. “अगं, चेंडू हलायच्या आधी तो शेजारच्याला बोट दाखवून सांगून राह्यलाय, गडी कुठून येणार ते. ते कुठं लिहू मी?” मी म्हणाले, त्याला रकाना नाही, म्हणजे त्याला गुण नाही. त्यावर तू म्हणालीस, “मंग तुझ्या हिशोबानं आमची अम्मीबी कामाची न्हाई. ती बी दिवसभर नुसतं बोटच दाखवते.” आपले गुण तपासणाऱ्या हाशिमभाईंना चहाचा ठसका लागला होता.

हे विनोदाचं झालं. कामाची रीत मात्र आपण दोघींनी कधी मोडली नाही, असं मी काल दुपारपर्यंत शपथेवर सांगितलं असतं. एकाच डावाला दोघींनी स्वतंत्रपणे गुण द्यायचे, एकमेकींना सांगायचे नाहीत. फरक पडला तर हाशिमभाई तिसऱ्यांदा पाहून निकाल देतात. तो निकाल कुणाच्या बाजूनं गेला हे आपल्याला कळत नाही, कारण कळलं तर डोळा बिघडतो. पाच डावांत एखाद्या डावाला तरी आपला फरक पडायचाच. क्लबला तो फरकही हवा असतो. दोन माणसांचं जुळत नाही, तिथं थांबून पाहावं, इतकं त्यांना कळतं. सगळंच जुळलं की ते संशय घेतात, आणि ते बरोबर आहे.

सरांनी मला अजून एक विचारलं. “ओढणीखाली तुमचं काय चालतं?” म्हणजे कुणीतरी पाहून सांगितलं आहे. मी खरं ते सांगितलं. तुझे अब्बा भोकरदनच्या बाजारात बैलांची दलाली करतात, आणि तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली दोघं हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात, बाजूच्याला काही कळत नाही. ती बोटं तू मला शिकवलीस, आणि गुण भरून झाल्यावर आपण ओढणीखाली खेळाडूंचे भाव करायचो. करमणूक म्हणून. गुण भरायच्या आधी कधीच नाही. सरांनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही हे मला सांगता येत नाही. माझ्याकडे ते ज्या नजरेनं पाहत होते, त्याच नजरेनं मी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होते.

मी एकेक शक्यता घेतली. पहिली, तू कंटाळा केलास. पोळ्याच्या सुट्टीत सामना पाहिलाच नाहीस, माझे गुण उतरवलेस. पण शेजारच्या सगुणाबाई म्हणाल्या, “ती पोरगी तर दिसभर दार लावून टीव्ही पाहू राह्यल्ती, च्यालाबी आली न्हाई.” म्हणजे पाहिलास. दुसरी, कुणीतरी तुला फोडलं. नव्याच्या बाजूचा कुणी असेल, पैसे असतील. हे लिहितानाही मला स्वतःचा वीट येतो, पण मी ते मनात आणलं होतं आणि लपवून ठेवणार नाही. तिसरी सगळ्यात वाईट. तुला माहीत होतं की एकीलाच ठेवणार, कारण दुसऱ्या डोळ्याचं, म्हणजे जोडीतल्या दुसरीचं, काम ऑक्टोबरपासून यंत्र करणार आहे. सगळे गुण जुळवून ठेवायचे, बोभाटा झाला की मीच तुझं उतरवलं असं म्हणायचं. रात्री जेवताना मी हेही मांडून पाहिलं. तुझ्या ताटलीची जागा समोर रिकामी होती.

आज सकाळी मी तो सामना पुन्हा पाहिला, मामूचा प्रत्येक डाव. तिसऱ्या भागात एक डाव आहे. समोरचा गडी आत घुसतो आणि नवरदेव आडवा होतो. मी मामूला उणे दोन दिले आहेत. तूही उणे दोन दिले आहेस. आज हळू करून पाहिलं तर चेंडू हलायच्या आधी मामू डावीकडे बोट दाखवतो आहे. दोनदा. शेजारचा पाहतच नाही, आणि गडी त्याच्याच बाजूनं घुसतो. चूक शेजाऱ्याची आहे. मी ते पाहिलं नव्हतं, कारण मी मामूच्या पायांकडे पाहते. तू त्याच्या बोटाकडे पाहतेस. अख्खा महिना तू दुसरं काहीच पाहिलं नाहीस. त्या डावाला तू उणे दोन देऊच शकत नाहीस. झोपेतही नाही. म्हणजे तू डाव पाहिलास, खरं काय ते तुला दिसलं, आणि तरी माझी चूक जशीच्या तशी स्वतःच्या नावावर लिहिलीस.

मग मी हाशिमभाईंकडे गेले. मी म्हणाले, नियम माहीत आहे, डावांचं विचारत नाही, फक्त एवढं सांगा की सोमवारी सर काय पाहून ठरवणार. त्यांनी कपातला चहा हलवला. मग म्हणाले, “कुणाचे गुण मी जास्त पलटवले, त्येच पाहणारेत. अन् अक्षता, तुला खरंच म्हाईत न्हाई? तुझेच पलटून राह्यलो मी. जुलैपासून.” मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा तेच म्हणाले. वर म्हणाले, “तिला तर मी पंधरवड्याआधीच सांगितल्तं. मला वाटलं, तिनं तुला सावध केलं असंल.”

तू मला सावध केलं नाहीस. पंधरा दिवस तू माझ्यासमोर बसून डबा खाल्लास, मामूसाठी भांडलीस, तुझी बाजू बरोबर ठरते आहे हे तुला माहीत होतं आणि माझी बडबड ऐकून घेतलीस. शेवटच्या सामन्यात फरक पडला असता तर हाशिमभाईंनी पुन्हा माझे गुण पलटवले असते. फरकच पडला नाही तर पलटवायला काही उरत नाही, आणि बोभाटा झाल्यावर तू निघून गेलीस म्हणजे संशयही तुझ्यावरच येणार. इतका सोपा हिशोब आहे, आणि मला तो काढायला एक दिवस लागला.

मी तुला गेल्या आठवड्यात एकदाच बोलले होते की ही नोकरी गेली तर वाटूरला परत जावं लागेल, आणि परत गेलं की दिवाळीनंतरची लग्नाची तारीख धरलेलीच आहे. मला ते तुला सांगायचं नव्हतं. तोंडातून गेलं. तू भाकरी मोडत राहिलीस. आता मला कळतं आहे की तू तेव्हाच ठरवलंस. त्रेपन्नांची यादी क्लबनं केली, आपल्या दोघींची तू केलीस. मला ठेवलंस, स्वतःला काढलंस, आणि मामूलाही सोबत नेलंस. तुझ्या घरीसुद्धा तुझ्याच पगाराची वाट पाहतात, हे जणू कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मी तुझे आभार मानणार नाही. अजूनही मला तुझा पूर्ण विश्वास वाटत नाही, आणि हे मी रागानं लिहीत नाही. जी मैत्रीण माझ्या भल्यासाठी माझ्यापासून इतकं लपवू शकते, ती उद्या आणखी काय लपवेल? गेल्या वर्षी पोळ्याआधीच्या बाजारात आपण अब्बांबरोबर उभ्या होतो, आठवतं? बैलाचा मालक चहाला गेला होता आणि एक व्यापारी अब्बांना म्हणत होता, तुम्हीच आकडा ठरवा, तो हो म्हणेल. अब्बांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. “एका हाताचा सौदा न्हाई होत, भाऊ. दुसरा हात खाली आल्याबगर जनावर खुंटावरून हलत न्हाई.” तू अब्बांची मुलगी आहेस, आणि तू माझा भाव एकाच हातानं ठरवलास. मी हात दिला नव्हता. सौदा झालेला नाही.

म्हणून हे पत्र. सोमवारी सकाळी मी सरांसमोर जे झालं ते सगळं सांगणार आहे, पण तुझ्या पाठीमागे सांगणार नाही. तू तिथं असायला हवीस. मी त्यांच्याकडे एवढंच मागेन की तो सामना आपण दोघींनी पुन्हा पाहावा, वेगवेगळ्या खोल्यांत, हाशिमभाईंच्या देखत, आणि जो फरक पडेल तो तसाच्या तसा क्लबला जावा. त्यांचा पहिला सामना पुढच्या आठवड्यात आहे. तोपर्यंत काढलेल्या खेळाडूला परत बोलावता येतं. मामूला बोलावतील की नाही, मला माहीत नाही. माझे गुण पुन्हा पलटले आणि मला वाटूरला जावं लागलं तर मी जाईन, आणि तिथल्या तारखेचं काय करायचं ते माझं मी पाहीन. तुझी चोरी धरून सरांनी दोघींनाही काढलं, हेही होऊ शकतं. म्हणून आधी तुला विचारते आहे. तू येणार की नाही, ते मला रविवारी संध्याकाळपर्यंत कळव.

तुझ्याच जोडीची,
अक्षता