टेपचे पंधरा सेंटिमीटर

आदरणीय दादा,

तुम्हाला नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि तुमच्या रक्तदाबालाही नमस्कार, कारण हे पत्र वाचताना मला त्याचीच जास्त काळजी आहे. (गोळी घेऊन मग पुढे वाचा. मी थांबतो.) इकडे तुमची बहीण बरी आहे आणि मी तिच्या मते उगाच कण्हतो. उजवा गुडघा फुटबॉलचा, डावा हॉकीचा, खांदा गोळाफेकीचा आणि कंबर लांब उडीची. कॉलेजातली पदकं कुठे गेली ठाऊक नाही, पण ही चार सर्टिफिकेटं अजून अंगावर आहेत.

चार खेळ मी हौसेने खेळलो असं लोकांना वाटतं. खरी गोष्ट तुम्हाला माहीत आहे, आपण एकाच वर्गातले. धडधाकट मुलं मोजकी होती आणि मला नाही म्हणता येत नव्हतं. त्या एका दिवशी फुटबॉलचा गोलकीपर म्हणून अर्धा सामना उभा राहून तसाच हॉकीच्या मैदानावर पळालो आणि समोरून आलेला चेंडू सवयीने दोन्ही हातांनी पकडून खेळाच्या सरांकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत राहिलो. (सर नंतर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.) दुसरं वर्ष मी दोनदा केलं. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या दिवशीच अंतिम सामना आला, तेव्हा प्राचार्य म्हणाले, "परीक्षा काय, पुढच्या वर्षीही असते." ती अजून दर वर्षी असते. मी अजून दिलेली नाही.

मग त्याच कॉलेजात कोच झालो, त्याला छत्तीस वर्षं झाली. चेंडूंत हवा भरायची, जाळी शिवायची, आणि जो खेळ कोणी शिकवायला तयार नसेल तो शिकवायचा. मला पोहता येत नाही हे तुम्ही जाणताच, तरी अकरा वर्षं मी पोहणं शिकवलं, काठावरून, शिट्टीने. एकदा पाय घसरून आत पडलो तर पोरांनीच मला बाहेर ओढलं आणि त्यातला एक थेट माझ्याच आवाजात ओरडत होता, "पाय मारा, पाय! झोपलात काय?"

वय उलटून गेलं तरी मला ठेवलं आहे ते जिन्याजवळच्या बोर्डामुळे. 'लांब उडी, सात मीटर बारा' आणि पुढे माझं नाव. नवे प्राचार्य पाहुण्यांना आधी बोर्ड दाखवतात, मग मला. पाहुणे माझ्या पोटाकडे बघतात आणि पुन्हा एकदा बोर्ड वाचतात. पण तो आकडा आहे तोवर माझी खुर्ची आहे.

आता तुमच्या नातवाचं. पोरगा गुणी आहे. पण गेले दोन महिने सात मीटर तीनवर अडकला आहे. धावताना पायाखालची फळी बघायची सोडून जिन्याकडे बघतो आणि पाऊल चुकतं. काल बूट माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "आजोबा, शनिवारी स्पर्धेत तुमचा आकडा मोडला नाही, तर हे कुणाला तरी देऊन टाका. मी आपला बाबांच्या दुकानात बसतो." मी म्हटलं, "अरे, नऊ सेंटिमीटर म्हणजे काय?" तो म्हणाला, "तुम्हाला काय, तुम्ही मारून बसलात." त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

सहज एक सांगतो. मागच्या महिन्यात सामानाची खोली आवरताना आपल्या वेळचा कापडी टेप सापडला. त्याच्या टोकाची पितळी कडी कधीतरी तुटली होती आणि कुणीतरी ती काळ्या दोऱ्याने शिवून टाकली होती. शिवलेली कुठे, तर पंधराच्या आकड्यावर. पहिले पंधरा सेंटिमीटर गायब. माझी उडी याच टेपने मोजली होती, दादा. वाळूत कडी तुम्ही धरली होती, फळीवर आकडा सरांनी वाचला होता, आणि तो काळा दोरा तेव्हाही होता, मला पक्का आठवतो. म्हणजे मी सहा मीटर सत्त्याण्णव मारली, आणि तुमच्या नातवाने माझा आकडा केव्हाच मोडला आहे. टेप मी घरी आणून स्वेटरांच्या ट्रंकेत तळाशी ठेवला आहे. ट्रंक बंद करून तीनदा परत उघडून पाहिली, आकडे वाढत नाहीत.

आणखी एक धास्ती. तुमच्या वडिलांनी "मुलगा करतो काय?" असं विचारलं, तेव्हा तुम्ही उत्तर दिलं होतं, "सात मीटर बारा उडी मारतो." त्या उत्तरावर त्यांनी मुलगी दिली. आता हिला कोणत्या तोंडाने सांगू?

असो. काम काहीच नाही, आठवण आली म्हणून लिहिलं. वहिनींच्या गुडघ्यांना माझ्या गुडघ्यांकडून विचारा.

तुमचा थकलेला मेहुणा

ता. क. सोबत एक कागद आहे. नोंदवहीतला आकडा बदलायला मोजणाऱ्यांची सही लागते. सर आता नाहीत, उरलात तुम्ही. शनिवारच्या आत सही करून पाठवा. खुर्चीचं मी बघून घेईन.

ता. क. २. हिला यातलं अक्षर कळता कामा नये.

ता. क. ३. पाकीट चिकटवताना हिने पत्र वाचलं. म्हणते, टेप तुटका आहे हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक आहे, दादानेच सांगितलं होतं, आणि 'त्याला कळू देऊ नको, बिचारा खचेल' असंही. (दादा! चाळीस वर्षं!) मी विचारलं, मग लग्न का केलंस? म्हणाली, "त्या उडीनंतर सगळ्यांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं होतं, तर तुम्ही उतरवा, उतरवा म्हणत खाली आलात आणि पुढच्या मुलासाठी वाळू सारखी करायला लागलात. उडी कोण बघत होतं?"

ता. क. ४. त्या कागदावर साक्षीदार म्हणून तिने सही केली आहे. तुमच्यासाठी तिच्या खालची जागा सोडली आहे.