ॲप्रनच्या खिशात राहिलेली पोच क्रमांक एकशे चौदा

दिनांक : १२, रविवार, दुपार

प्रति,
मा. प्रमुख सल्लागार,
मोफत कायदा सल्ला केंद्र,
टपाल कचेरीच्या वरचा मजला.

विषय : गुरुवारी केलेली तक्रार केलीच नव्हती असे समजण्याबाबत.

संदर्भ : आपली पोच क्रमांक ११४.

महोदय अथवा महोदया (दारावरच्या पाटीवर नुसता हुद्दा आहे, म्हणून दोन्ही लिहिले, राग नसावा),

१. मी हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत एकोणीस वर्षे कामाला आहे. त्यातली अठरा वर्षे इस्त्रीच्या रुळावर काढली. रूळ म्हणजे वाफेवर फिरणारे मोठे लाटणेच समजावे. एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने कोरडी, कडक बाहेर येते. म्हणून मला सगळे रूळमावशी म्हणतात. खरे नाव आपल्या वहीत आहे. इथे लिहायचे धाडस होत नाही, क्षमा असावी.

२. मशीनच्या आवाजाने माझा डावा कान गेला आणि उजवा अर्धा राहिला. रूळ थांबवायची घंटा मला दोनदा ऐकू आली नाही. तेव्हापासून सुपरवायझरसाहेबांनी मला रुळावरून काढून मळक्या कपड्यांच्या खोलीत टाकले. सहा दिवसांचे काम तीन दिवसांवर आणले. आता 'घरगुती कारणास्तव स्वखुशीने काम सोडत आहे' असा छापील कागद हातात दिला आहे. सोमवारी, म्हणजे उद्या, त्यावर सही करायची आहे.

३. माझ्याकडे थोरली बहीण असते. ती अंथरुणाला खिळलेली आहे. तिची औषधे माझ्या कामाच्या कार्डावर मिळतात. काम गेले की कार्ड गेले. आपल्या वकीलबाईंनी सांगितले की स्वखुशीने सोडले असे लिहून दिले तर बेकारीचा भत्तासुद्धा मिळणार नाही. म्हणजे तेलही गेले, तूपही गेले.

४. वकीलबाई फार चांगल्या. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर त्या प्रत्येक प्रश्न पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवत होत्या. माझी एक खोड त्यांनी लगेच ओळखली. ऐकू आले नाही की मी घाबरून 'हो' म्हणते. सुपरवायझरसाहेबांनी मशीनच्या आवाजात काहीतरी विचारले, मी 'हो' म्हटले, आणि दुसऱ्या दिवशी मळक्या खोलीत जाऊन पडले. त्यांनी विचारले होते, 'तुम्हाला रूळ झेपत नाही ना?' हे मला आठवड्याने कळले. वकीलबाईंनी पाटीवर लिहिले, 'न ऐकता हो म्हणू नका. लेखी मागा.' मग त्यावरही मी 'हो' म्हटले, तेव्हा त्या हसल्या. निघताना तळहाताएवढी पोच दिली. तिच्यावर माझे नाव, लाँड्रीचे नाव, आपला शिक्का आणि 'कामावरील भेदभाव' असे स्पष्ट छापलेले. म्हणाल्या, जपून ठेवा.

५. ती मी जपून ठेवली. शनिवारी कामावर नेली, कारण घरी ठेवली तर बहीण विचारणार. ॲप्रनच्या खिशात ठेवली. पाळी संपल्यावर ॲप्रन काढून धुण्याच्या पिशवीत टाकला आणि घरी आले. चहा घेताना हात कमरेकडे गेला, आणि तिथे ॲप्रनही नव्हता आणि पोचही नव्हती.

६. अहो, एकोणीस वर्षे मी पाळीपाळीने दुसऱ्यांचे खिसे तपासले! डॉक्टरांच्या कोटातली पेने काढली, नर्सांच्या कानातली काढली, एकदा तर दातांची कवळी काढली. एक पेन राहिले तर दोनशे चादरी निळ्या होतात. म्हणून धुण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करायचा आणि सापडेल ते दारातल्या फळ्यावर टाचायचे, म्हणजे ज्याचे त्याला मिळते. हा फळा लावायची कल्पना माझीच. तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

७. आज रविवार, लाँड्रीला कुलूप. कामगारांचे ॲप्रन सोमवारी सकाळी सहाच्या पहिल्या घाण्याला जातात. सोमवारी खिसे तपासायची पाळी माझी नाही. ती जिची आहे तिला आम्ही बातमीदार म्हणतो, कारण खिशात सापडलेला कागद ती मोठ्याने वाचून दाखवते. सामानाची यादी असो की कोणाचे प्रेमपत्र, तिला सगळे सारखेच. त्यातून आमचे सहा महिने बोलणे बंद आहे. तिच्या हातून एक पेन राहिले होते ते मी साहेबांना सांगितले. तेव्हा वाटले होते, बरे केले. आता वाटते, जीभ का झडली नाही.

८. सबब, आपणांस पुढीलप्रमाणे विनंती आहे. माझी तक्रार रद्द करावी. ते नियमात बसत नसेल तर क्रमांक ११४ दुसऱ्या कोणा बाईचा आहे, असे पत्र द्यावे. तेही बसत नसेल, तर आपल्यापैकी कोणी उद्या पहाटे साडेपाचला हॉस्पिटलचे तपासनीस म्हणून यावे आणि ॲप्रनची पिशवी जप्त करावी. पिशवी हिरवी आहे. माझ्या ॲप्रनवर लाल दोऱ्याने ३१ आकडा शिवलेला आहे. असे करणे कायद्यात बसते की नाही मला माहीत नाही. काल दुपारपासून मला काहीच सुचत नाही. बहिणीला औषध देताना चमचा सांडला.

९. हा अर्ज आज आपल्या दाराच्या फटीतून आत टाकणार होते. दोनदा येऊन गेले. टपाल कचेरीच्या पायरीवर एक गृहस्थ बसले होते, ते सुपरवायझरसाहेबांच्या ओळखीचे वाटले. बहुतेक नसावेत.

दिनांक : १३, सोमवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे

१०. वरील विषय रद्द समजावा. कलम ८ तर वाचूच नये, लाज वाटते. पण कागद एवढाच आहे, म्हणून पुढचे त्यावरच लिहीत आहे.

११. रात्र काढली आणि पाचलाच निघाले. माझी पाळी नव्हती, तरी मळक्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. बातमीदार एकटीच होती. हिरवी पिशवी उघडलेली. तिने ३१ नंबर उचलला, खिशात हात घातला आणि पोच बाहेर काढली. वाचली. मला तिचे ओठ हलताना दिसले नाहीत, म्हणजे मनातल्या मनात वाचत होती. असे तिला मी कधी पाहिले नव्हते. मी हात जोडले. काय करणार, सहा महिन्यांनी बोलायचे तर काय बोलायचे?

१२. तेवढ्यात तिच्या मागून सुपरवायझरसाहेब आत आले. त्यांनी हात पुढे करून काहीतरी विचारले. बातमीदारने पोचीची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि तोंडात टाकली. मी खोटे सांगत नाही. त्यांच्याकडे बघत शांतपणे चावली आणि गिळली. साहेबांना बहुधा सुपारी वाटली. कामावर खाऊ नका म्हणून ते तिच्यावर ओरडले, एवढे मला लांबूनही समजले.

१३. मग त्यांनी मला पाहिले. खिशातून तसाच दुसरा छापील कागद काढला, माझ्यासमोर धरला आणि बोलू लागले. मशीन सुरू झाले होते, एक अक्षर कळेना. तोंडात 'हो' आलाच होता. देवाशप्पथ, अगदी जिभेवर आला होता. मी म्हटले, 'साहेब, मला ऐकू येत नाही. लेखी द्या.' ते पुन्हा ओरडले. मी पुन्हा म्हटले, 'लेखी द्या.' तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज मलाच ऐकू आला, म्हणजे मी किती मोठ्याने बोलले असेन बघा.

१४. साहेबांनी रागारागाने पिशवीला बांधायची पिवळी चिठ्ठी ओढली आणि जाड पेनाने लिहून माझ्या नाकासमोर धरली. आमच्याकडे पिशवीच्या चिठ्ठीवर जो लिहील त्याने खाली सही, तारीख आणि वेळ घालायची असा हॉस्पिटलचा नियम आहे. त्याबाबतीत साहेब फार कडक. एका बाईने वेळ लिहिली नाही म्हणून तिला दिवसभर उभे केले होते. वीस वर्षांची सवय त्यांची. चिठ्ठी लिहिली की हात आपोआप खाली जातो. मजकूर जसाच्या तसा देत आहे : 'तुम्हाला ऐकू येत नाही. बहिऱ्या माणसाला इथे काम नाही. आजच्या आज सही करा.' खाली त्यांची सही, आजची तारीख, आणि सहा वाजून बारा मिनिटे.

१५. मी चिठ्ठी हातात घेतली आणि म्हटले, 'वाचून सांगते.' आणि पळाले. बावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात, पण पळाले. छापील कागदावर सही केलेली नाही.

१६. फाटकापाशी बातमीदारने मला गाठले. माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून ओरडली, 'पेनाचं मी विसरलेले नाही, कळलं? पण हे वेगळं.' मग विचारले, 'ते ऑफिस कुठेय?' तिला दिवस गेले आहेत. चौथा महिना आहे. कोणाला सांगितलेले नाही, कारण मागच्या वर्षी ज्या दोघींनी असे सांगितले त्या आता कामावर नाहीत. तिच्यासमोरही एक छापील कागद येणार हे तिला माहीत आहे. मी तिला पत्ता सांगितला. पोच खिशात ठेवू नकोस, हेही सांगितले. ती म्हणाली, 'मी कुठे ठेवते ते तुम्ही बघितलंच.'

१७. हे सर्व मी आपल्या जिन्यावर बसून लिहीत आहे. आपले कार्यालय दहाला उघडते असे पाटीवर आहे. खाली कोणाची पावले वाजली तर मला ऐकू येणार नाहीत, म्हणून भिंतीला पाठ लावून बसले आहे. भीती गेलेली नाही. साहेबांच्या लक्षात आले असेल की चिठ्ठी माझ्याकडे आहे. ते मागायला घरी गेले तर बहीण दार उघडू शकत नाही, हे एक बरे आणि एक वाईट.

१८. तरी कृपा करून माझी तक्रार चालू ठेवावी. नवी पोच द्यावी. बातमीदारला या गुरुवारची वेळ द्यावी, आणि तिने आपली आधीची पोच खाल्ली याबद्दल तिच्यावर राग धरू नये. दार उघडताना कोणाला आधी पाठवायचे झाले तर वकीलबाईंना पाठवावे. त्यांचे अक्षर मला चटकन वाचता येते.

वाट पाहत जिन्यावर बसलेली,
आपली नम्र,
रूळमावशी
(पोच क्रमांक ११४)

सोबत :
१. सुपरवायझरसाहेबांच्या हस्ताक्षरातील पिवळी चिठ्ठी, मूळ प्रत. झेरॉक्सचे दुकान अजून उघडलेले नाही, आणि उघडले असते तरी ती दुसऱ्याच्या हातात द्यायची माझी छाती झाली नसती. मुठीत धरून आहे. घामाने थोडी ओली झाली आहे, पण सही, तारीख आणि वेळ वाचता येते.
२. स्वखुशीचा छापील कागद, कोरा.
३. पोच क्रमांक ११४ : जोडता येत नाही. कारण कलम १२ मध्ये दिले आहे.